तळघरातला खंडेनवमीचा दिवा

गुणवंतचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. शारजातल्या त्या खोलीत नऊ माणसं आणि एक मोरी. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दिवसभर तापायचं. अंगावर घेण्याजोगं काय ते पहाटेच मिळायचं. चारनंतर रांग लागायची. रांगेत नुसतं उभं राहायचं त्याच्या जिवावर यायचं.

आंघोळ, चहा, दोन पाव. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो मशिदीच्या कोपऱ्यावर येई. पहाटेचा नमाज आटोपला की तिथून उम्म अल कुवैनची मिनीबस सुटायची. बाकी सगळी शारजा त्या वेळी दुबईच्या बाजूला तोंड करून ट्रॅफिकमध्ये शिरत असे. गुणवंत उलट्या दिशेला जायचा. रस्ता मोकळा मिळे आणि तासाभराची झोप बसमध्ये होई.

काही महिन्यांपूर्वीपर्यंत तोही त्या ट्रॅफिकमध्येच होता. गुणवंत पाइपफिटर. दुबई मरीनातल्या एका टॉवरमध्ये त्याने तळापासून पंचविसाव्या मजल्यापर्यंत पाण्याची लाइन चढवली होती. मग मंदी आली. क्रेन जिथल्या तिथे थांबल्या. कंपनीने आधी ओव्हरटाइम बंद केला, मग पगार, मग मजुरांच्या कॅम्पची वीज. २००९च्या ऑगस्टमध्ये कंपनीच बंद झाली. गुणवंत विष्णूच्या खोलीत येऊन राहिला. विष्णू त्याचा जुना जोडीदार, वेल्डर. सप्टेंबरच्या सुरुवातीला गुणवंतचा व्हिसा रद्द झाला. रद्द झाल्यावर महिनाभराची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरं काम लागलं तर ठीक, नाहीतर विमान.

विमानाची त्याला भीती नव्हती. संगमेश्वरकडे त्याचं घर होतं. वीस वर्षांच्या आखाती मजुरीत त्याने घरावर कौलांच्या जागी स्लॅब टाकला होता, दोन मुलींची लग्नं केली होती. एक काम राहिलं होतं. घर वरच्या वाडीत, विहीर खाली व्हाळाजवळ. मधला चढ नुसत्या अंगाने चढताना छाती भरून येते. त्याची बायको शेवंती तो चढ डोक्यावर हंडा आणि काखेत कळशी घेऊन चढायची. विहिरीवर पंप आणि तिथून घरापर्यंत लाइन, एवढंच त्याला करायचं होतं. लोकांच्या पंचविसाव्या मजल्यावर पाणी नेलं, पण स्वतःच्या चुलीपर्यंत नेलं नव्हतं. व्हिसा गेला की लाइन गेली, हे त्याला पक्कं माहीत होतं.

अशात उपेंद्रसाहेबांचा फोन आला.

उपेंद्र त्याच टॉवरवर प्रोजेक्ट इंजिनिअर होते. त्यांची नोकरी गुणवंतच्याही आधी गेली होती. मरीनातला फ्लॅट सोडून ते बायको सुनेत्रा आणि मुलगी इरा यांना घेऊन उम्म अल कुवैनला एका व्हिलात आले होते. भाडं कमी, कारण व्हिला अर्धवट होता. मालकाला मागे पोहण्याचा तलाव करायचा होता. पैसे संपले आणि तलावाच्या जागी वाळू राहिली. मात्र तलावाच्या यंत्रांसाठी जमिनीखाली बांधलेली खोली तयार होती.

"डोकं सांभाळा, गुणवंतराव," जिना उतरताना उपेंद्र म्हणाले. खाली भिंतीला चार निळी पिंपं लावून ठेवलेली होती. "आमचा एक जर्मन मित्र होता. मंदीत लोक विमानतळावर गाड्या टाकून पळाले, त्याने जाताना हे मला दिलं. पिंपं, माल्टचे डबे, यीस्ट, बाटल्यांना बुचं लावायचं मशीन. इथे मस्त बीअर होईल."

"दुकानात मिळते की, साहेब. इथे काही शारजासारखी बंदी नाही."

"दुकानात जाऊन काय होणार? पाच मिनिटं जातील. बाकीचा दिवस काय करू?"

जिन्याच्या वरून सुनेत्राचा आवाज आला. "मरीनात होते तेव्हा टॉवर बांधायचे. आता पिंपं बांधणार. करा बाई, प्रमोशन आहे."

दारू घरी गाळायला परवानगी नव्हती. हे तिघांनाही ठाऊक होतं. रद्द झालेल्या व्हिसावर खाजगी काम करायलाही नव्हती. गुणवंतची पिशवी अजून खांद्यावरच होती. तेव्हा उपेंद्र म्हणाले, "सुनेत्रा हमीदाबींच्या कारखान्यात अकाउंट्स बघते. पिण्याचं पाणी बाटल्यांत भरायचा कारखाना आहे, इथल्याच इंडस्ट्रियल एरियात. त्यांना फिटर हवाय. ईद झाली की तुमच्या व्हिसाचं बोलतो. तोवर हे काम करा. मजुरी रोजची रोज देईन."

गुणवंत स्वतः पीत नसे. पण काम म्हणून पाहिलं तर ते पाण्याचंच काम होतं. पिंपं धुवायला नळ, धुतलेलं पाणी जायला वाट, खोली गार राहायला एसी. त्याने पिशवी खाली ठेवली.

काम सोपं नव्हतं. जिन्याच्या पायथ्याशी थोडी सपाट जागा होती आणि तिथून आणखी दोन पायऱ्या खाली, यंत्रांसाठी केलेला चौकोनी खोलगट भाग. पिंपं तिथेच मावत होती. पण तो भाग अंगणातल्या गटाराच्याही खाली होता, म्हणजे पाणी आपणहून जाणार नव्हतं. गुणवंतने कोपऱ्यात घमेलं बसेल एवढा खड्डा खोदला, त्यात बुडता पंप बसवला आणि सगळी फरशी त्या कोपऱ्याकडे उतरती केली. ढाळ देणं हे बघणाऱ्याला काहीच वाटत नाही. कमी दिला तर पाणी थांबतं, जास्त दिला तर पिंप कलतं. त्याने प्रत्येक ओळीवर पाणसळ ठेवली. दोनदा आख्खी ओळ उखडून पुन्हा बसवली. रमजान लागला होता. दिवसा बाहेर पाणी प्यायची सोय नव्हती. तो तळघरातच घाम पुसत बसे आणि भिंतीकडे तोंड करून दोन घोट घेई.

शेवटी हवेचा पाइप. याबाबत उपेंद्रांनी स्वतः बजावलं. "यीस्ट काम करायला लागलं की वायू सुटतो. जड असतो, खाली बसतो. पंखा छताशी लावून उपयोग नाही. फरशीपासून वीतभर वर हवा." गुणवंतने तसाच लावला. चार इंची पाइप खालून भिंतीतून वर नेला आणि अंगणात हॉलच्या खिडकीशेजारी बाहेर काढला. तेवढीच जागा होती.

सर्वपित्रीच्या दिवशी उपेंद्रांनी माल्ट उकळलं, चारही पिंपं भरली, यीस्ट टाकलं. रात्रीपर्यंत पिंपांच्या झाकणांवरच्या नळ्या बुडबुडू लागल्या. साहेब त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसले होते. नोकरी गेल्यापासून एवढे खूश ते कुणाला दिसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर हॉलमध्ये सुनेत्राने घट बसवले. नर्सरीतून आणलेली काळी माती, त्यात गहू, वर कलश, बाजूला नऊ दिवसांचा नंदादीप. खिडकी उघडी होती. दुपारपर्यंत खिडकीतून आंबट वास आत आला.

गुणवंत अंगणात पाइपला रंग देत होता. तिने त्याला तिथेच गाठलं. "भाऊ, हा वास बंद करा. देवीसमोर दारूचा वास? माझ्या सासूबाई असत्या तर मला घटासकट बाहेर काढलं असतं."

"साहेबांना विचारतो, वहिनी."

उपेंद्र दारातच होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि भांडण टाळलं. "नऊ दिवसांचाच प्रश्न आहे. करा बंद. एसी चालूच आहे, हवा फिरतेय."

गुणवंतने पाइपच्या तोंडावर कॅप बसवली, कडेने टेप मारली आणि पंख्याचा स्विच बंद केला. एसी तीच हवा गार करून पुन्हा सोडतो, नवी आणत नाही. हे इंजिनिअरलाही माहीत होतं आणि फिटरलाही. त्या दिवशी दोघांच्याही ते डोक्यात आलं नाही. देवीचं काम होतं, एवढंच डोक्यात होतं.

मधल्या दिवसांत ईद झाली. कारखाना सुट्टीत होता. सुनेत्राने सांगितलं, हमीदाबी दसऱ्याला व्हिसाच्या कागदांवर सही करतील. गुणवंतच्या मुदतीतला थोडाच भाग उरला होता, पण दसरा त्यात बसत होता.

अष्टमीला संध्याकाळी तो पंप तपासायला खोलगट भागात उतरला. वाकल्यावर छाती दडपल्यासारखी झाली आणि डोकं भरून आलं. त्याला नवरात्राचे उपास होते. दिवसभरात एक केळं आणि दूध. त्याने उपासावर ठेवलं, उभा राहिला, बरं वाटलं, वर आला. साहेबांनाही काल तसंच झालं होतं. त्यांनीही उपासावरच ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. वीस वर्षांत गुणवंतने हत्यारांची पूजा चुकवली नव्हती. कॅम्पमध्ये तो पलंगाखालची पेटी पुढे ओढून तिच्यावरच पूजा करायचा. या वर्षी त्याने साहेबांना विचारलं की खालीच केली तर चालेल का, कारण काम तिथे झालं होतं.

"चालेल काय, करूच," उपेंद्र म्हणाले. "माझं बुचाचं मशीनही ठेवू. बीअर तपासायचं हायड्रोमीटर पण."

"लॅपटॉप ठेवा," सुनेत्रा म्हणाली. "बिचारा सहा महिने बसून आहे." तिने झेंडू आणला होता. "पंधरा दिरहॅमला एवढीशी फुलं. म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये. देवीला कळू दे आपण किती खर्च केला ते."

इरा, चौदा वर्षांची, जिन्याच्या वरच्या पायरीवर फोन घेऊन उभी. "कॅन आय पोस्ट धिस?"

"खबरदार," आई-बाप एकदमच म्हणाले.

गुणवंतने पाइप पाना, हॅक्सॉ, ओळंबा आणि पाणसळ पुसून साहेबांच्या हातात दिली. साहेब ती घेऊन दोन पायऱ्या उतरले, पिंपांसमोर फडक्यावर मांडून मांडी घालून बसले. गुणवंत जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून नारळाची शेंडी सोडत होता. सुनेत्राने वरून निरांजन पेटवून दिलं, ते त्याने वाकून साहेबांकडे दिलं. साहेबांनी ते हत्यारांपुढे ठेवलं.

ज्योत विझली.

"एसीचा झोत," उपेंद्र म्हणाले. त्यांनी लायटर काढला. लायटर तिथे खाली पेटेना. त्यांनी हात उंच करून पेटवला, निरांजन वर घेऊन वात लावली, पुन्हा खाली ठेवलं.

गुणवंत बघत होता. झोताने विझणारी ज्योत आधी आडवी होते, फडफडते. ही सरळच राहिली. सरळ राहून लहान लहान होत गेली आणि गेली.

गावाकडे मे महिन्यात विहिरीतला गाळ काढायच्या आधी दोराला कंदील बांधून खाली सोडतात. कंदील जळत राहिला तर माणूस उतरतो. विझला तर त्या दिवशी कुणी उतरत नाही. लहानपणी कंदिलाचा दोर धरायचं काम गुणवंतचंच होतं. विझताना कंदील असाच विझायचा.

"साहेब, उठा," तो म्हणाला.

"थांबा हो, एकदा..."

"पूजा राहू द्या. उठा आधी."

उपेंद्रांनी फरशीवर हात टेकला. उठायला गेले आणि कुशीवर पडले. पाणसळ लांब सरकली.

सुनेत्रा खाली धावू लागली. "वरच थांबा वहिनी," गुणवंत म्हणाला. आवाज चढवला नाही, पण ती थांबली. "पोरीला धरा. अंगणातल्या पाइपची कॅप काढा आणि पंखा लावा."

त्याने तिथेच छातीभर श्वास घेतला, तो धरला आणि उतरला. साहेब जाडजूड नव्हते, पण शुद्ध हरपलेला माणूस त्याच्या वजनापेक्षा जड लागतो. त्याने मागून काखेत हात घातले, छातीवर मनगटं अडकवली आणि मागे ओढलं. पहिल्या पायरीशी श्वास संपला. ओढणं सोडून तो वर गेला, श्वास घेतला, पुन्हा उतरला. त्याच्या आयुष्यात अर्धवट सोडलेलं ओझं एवढंच. दुसऱ्या खेपेला दोन्ही पायऱ्या झाल्या. मग जिना. तोवर कॅप काढून आलेल्या सुनेत्राने तिथे पाय धरले.

अंगणात उताणे टाकल्यावर साहेबांचा श्वास चालू होता. डोळे उघडत नव्हते. ओठ निळसर.

सुनेत्राच्या हातात फोन होता. ती तो दाबत नव्हती. "ॲम्ब्युलन्सबरोबर पोलीस आले तर? खाली चार पिंपं आहेत, भाऊ. आणि तुमचं..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. गुणवंतचा व्हिसा रद्द झालेला होता. उद्या सही व्हायची होती.

"मॉम, जस्ट कॉल," इरा म्हणाली. ती रडत होती.

"लावा फोन, वहिनी," गुणवंत म्हणाला.

तिने फोन लावला. मग म्हणाली, "तुम्ही मागच्या दाराने जा. आम्ही तुमचं नाव घेणार नाही."

"मी गेलो तर कसला वायू आणि किती वेळ आत होते, ते कोण सांगणार?"

तो साहेबांच्या डोक्याशी बसून राहिला.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. गुणवंतने साइटवरच्या हिंदीत सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी ऑक्सिजन लावला. थोड्या वेळाने उपेंद्रांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. ॲम्ब्युलन्सवाल्यांतला एकजण जिन्यावरून खाली डोकावला, पिंपं पाहिली, वर आला. "यह खलास करो," एवढंच म्हणाला. साहेबांना एक रात्र ठेवून घेतलं. पोलीस आले नाहीत. का आले नाहीत हे गुणवंतला कधी कळलं नाही.

दसऱ्याला उपेंद्र घरी आले आणि पहिली गोष्ट म्हणजे पिंपं ओतून टाकायला सांगितली. या वेळी पंखा चालू होता, दार उघडं होतं, आणि उतरायच्या आधी गुणवंतने दोरीला निरांजन बांधून खाली सोडून पाहिलं. मग एकेक पिंप आडवं केलं. सगळी बीअर फरशीवरून त्या कोपऱ्याकडे गेली. कुठे डबकं राहिलं नाही. ढाळ बरोबर होता.

साहेब जिन्यावर बसून होते. "गुणवंतराव, हमीदाबींकडे मी आता कोणत्या तोंडाने सही मागू? हे बाहेर गेलं तर सुनेत्राची पण नोकरी जाईल. थोडे दिवस जाऊ द्या."

गुणवंतकडे थोडे दिवस नव्हते. ते साहेबांना माहीत होतं. त्याने हत्यारं पिशवीत भरली आणि शेवटची मिनीबस धरली. त्या रात्री विष्णूने त्याला तिकिटाचे भाव विचारून आणून दिले.

दोन दिवसांनी सुनेत्राचा फोन आला. "भाऊ, उद्या सकाळी कारखान्यावर या. मी सगळं सांगितलंय त्यांना."

"सगळं म्हणजे?"

"सगळं. पाइप मी बंद करायला लावला, तेही."

हमीदाबी साठीच्या होत्या. नवरा वारल्यावर कारखाना त्याच चालवत. माहेर रत्नागिरीचं. टेबलावर चहा होता, त्यांनी तो गुणवंतपुढे सरकवला.

"संगमेश्वरात कुठले तुम्ही?"

त्याने गाव सांगितलं.

"दारूचं काम केलंत?"

"केलं."

"प्यायलात?"

"नाही. मी पीत नाही."

"मग केलंत कशाला?"

"व्हिसासाठी. साहेब तुमच्याकडे सांगतो म्हणाले होते."

हमीदाबींनी सुनेत्राकडे पाहिलं. सुनेत्रा टेबलाकडे पाहत होती. "म्हणजे माझ्या नावावर दारू गाळली," त्या म्हणाल्या. कुणी हसलं नाही. मग त्यांनी गुणवंतला विचारलं, "चूक कोणाची?"

"कॅप मी बसवली," गुणवंत म्हणाला. "सांगितलं वहिनींनी, हो म्हणाले साहेब. पण हात माझा. बसवण्याआधी विचारायला हवं होतं की आतली हवा जाणार कुठून. नाही विचारलं."

बाहेर बाटल्या भरणाऱ्या मशीनचा आवाज येत होता.

"माझ्याकडे पाणी आहे," हमीदाबी म्हणाल्या. "लोक पितात ते. इथे कुठलाही पाइप बंद करायचा तर आधी मला येऊन सांगायचं. देवाने सांगितलं, साहेबाने सांगितलं, माझ्या मुलाने सांगितलं, तरी. जमेल?"

"जमेल."

"सुनेत्राबाई, कागद काढा. यल्ला, चला."

व्हिसा मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात झाला. उपेंद्र पुढच्या वर्षी पुण्याला परतले. जाण्याआधी त्यांनी तळघराचं दार लावून टाकलं. सुनेत्राने जाताना गुणवंतला घटातल्या मातीची कुंडी दिली. त्यात तिने कढीपत्ता लावला होता. तो कारखान्याच्या दाराशी वाढला.

गुणवंत तिथे पाच वर्षं राहिला. उठायचा पहाटे पावणेचारलाच, जरी आता मोरी त्याची एकट्याची होती. पाच वर्षांत त्याने कारखान्यातला पाइप दोनदा बंद केला. दोन्ही वेळा आधी जाऊन सांगितलं.

२०१४ साली तो गावी आला तो कायमचा. पुढच्या मे महिन्यात काम काढलं. विहिरीचा काठ बांधला, गाळ काढायला माणसं उतरवली. त्याआधी कंदील सोडला, तो जळत राहिला. वर पंप बसवला. चढावरून घरापर्यंतची लाइन त्याने कुणाला दिली नाही, स्वतः टाकली. चर स्वतः खणला, जिथे कातळ लागला तिथे छिन्नीने फोडला.

त्या सगळ्या मजुरीतून शेवटी आला तो एक नळ. तो त्याने दारापुढे खांद्याच्या उंचीला बसवला, आणि खाली कमरेएवढा दगडी कट्टा बांधला. कट्ट्यावर हंडा ठेवला की नळाखाली बरोबर बसतो, आणि भरल्यावर शेवंतीला तो वाकून उचलावा लागत नाही.